आईच्या बेलची सुटलेली वायर

मित्रमैत्रिणींनो, आज इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्टचा फोटो नाही. आज माझी चूक सांगतेय.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई खाटेवरच असते. आमचं घर बारामतीकडच्या कळंबजवळ रानात, गोठा घरापासून लांब. म्हणून मी तिच्या उशाशी बटण बसवलं आणि गोठ्यात बेल. पंधरा दिवस छान वाजली.

आज सकाळी धारा काढून घरात आले, तर आई जमिनीवर पडलेली. लघवीला जायला एकटीच उठली होती. बारामतीला नेलं. मनगट मोडलंय.

दुपारी तिला घेऊन घरी आले आणि बटण उघडलं. कनेक्टरच्या पिनमधून वायर अलगद हातात आली. मी ती पिन साध्या पक्कडीनं दाबली होती. पिनेनं वरचं प्लास्टिक धरलेलं, आतली तांब्याची तार नुसती टेकलेली. पिन तारेवर घट्ट आवळायचं क्रिम्पिंगचं टूल आठवड्यापूर्वीच आलंय, पण बेल वाजतेय म्हणून मी खोकंसुद्धा फोडलं नव्हतं.

ते फोडलं. वायर सोलून नवी पिन दाबली, जोरात ओढली. सुटली नाही. आईला बटण दाबायला सांगून गोठ्यात गेले. बेल वाजली.

परत आले तेव्हा ती म्हणाली, "सकाळी बी लई येळ दाबलं गं. मला वाटलं, तुला ऐकू गेलंय, पर हातात काम असंल."

बेल वाजलीच नव्हती, हे मी तिला सांगितलं. "व्हय का," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

तुम्ही दाबलेली वायर एकदा तरी ओढून बघता का?