मामेसासऱ्यांची उशी

नवी मुंबईत निवांत झोपायचं असेल, तर माणसाने माझ्या मामेसासऱ्यांच्या नजरेस पडू नये. मामा नेरूळच्या एका कॉलेजात फीच्या खिडकीवर बसतात. डॉक्टरकीशी त्यांचा संबंध काय तो पेशंट म्हणून. पण हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला कसं वाचवायचं, हे कॉलेजने एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसात शिकवलं, आणि तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाची छाती सुरक्षित राहिली नाही. छाती मिळाली नाही तर मामा उशी काढतात. जुईनगरच्या त्यांच्या घरी चहाच्या आधी उशी येते. "जावय, कोपर वाकवाचा नाय! दाबा जोरात!" मी घामाघूम होतो, चहा गार होतो, आणि मामी पापलेटं साफ करता करता म्हणतात, "त्या उशीतला कापूस पन आता श्वास घेत असंल."

मामांच्या पुतणीच्या हळदीला त्यांच्या शेजारचे टेंपोवाले काका बरंच काही रिचवून, मनसोक्त नाचून मांडवाच्या कडेला आडवे झाले. मामा धावले आणि थेट दाबायलाच लागले. काका ताडकन उठून बसले आणि त्यांनी मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आधी हाक मारायची, खांदा हलवायचा, श्वास चालू आहे का बघायचं, हे मामा घाईत विसरले होते. पुढे प्रत्येक शिकवणीत ते सगळ्यात आधी हेच सांगत, आणि समोर बसलेले काका खदाखदा हसत.

गेल्या थंडीत तेच काका टेंपोशेजारी खरोखर कोसळले. मामांनी हाक मारली, खांदा हलवला, श्वास बघितला. मामींना अँब्युलन्स बोलवायला लावून ते दाबत राहिले, ती येईपर्यंत, कोपर न वाकवता. काका वाचले नाहीत. तुम्ही सगळं बरोबर केलंत, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "या टायमाला त्यानं शिवी नाय दिली."

त्यानंतर उशी पलंगावर गेली ती गेलीच. नातेवाईक बिनधास्त डुलक्या काढू लागले. मला मात्र ते बघवेना.

परवा जुईनगरला गेलो. चहा आल्या आल्या मिळाला, चांगला वाफाळता. कप बाजूला ठेवून मी सरळ फरशीवर आडवा झालो. "मामा, हात नेमका कुठे ठेवायचा, विसरलो बघा."

 मामा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी माझा खांदा धरला.

"थांबा जावय," ते म्हणाले, "आदी हाक तरी मारू द्या."