मुकादमचे चार दिवस

आमच्या मुकादमला चार दिवस हवे होते. फक्त चार, आणि तेही थंडीतले. मुकादम म्हणजे माझी मैत्रीण. जन्मभर इस्पितळात नर्स होती आणि आमच्यावर सतत हुकूम सोडायची, म्हणून हे नाव. आमच्यातली तिसरी मैत्रीण गणिताची बाई, आणि मी शिंपीण. तिघींनाही लिहायची खाज. घरच्यांच्या मते नसती थेरं.

बेत तिचाच. टेकडीवरचं भाड्याचं घर घ्यायचं, शेगडीजवळ तीन टेबलं मांडायची, दिवसभर लिहायचं, संध्याकाळी एकमेकींना वाचून दाखवायचं. मी घोरते म्हणून मला वेगळी खोलीसुद्धा ठरवून टाकली. साफ खोटं! तिला लिहायचं होतं ते एकच, नवरा तिला ओळखत होता तेव्हाचं. भाऊजींना विसरण्याचा आजार. "आता मलाही ते दिवस नीट आठवेनासे झालेत गं," ती म्हणायची. "लिहिलं नाही तर गेलेच."

चार दिवस वडिलांजवळ थांबायचं लेकाने कबूल केलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी जमलो आणि त्याचा फोन. "आई, या वेळी नाही जमत गं." माझं डोकंच फिरलं. चांगला फैलावर घेणार होते, पण मुकादमने फोन हातात दिला नाही. निमूटपणे बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवू लागली. मला ते बघवेना.

"ठेव ती बॅग बाजूला. आपण इथेच लिहू," मी म्हटलं.

मग काय, दुपारी भाऊजी मागच्या खोलीत झोपल्यावर बाह्या सरसावल्या. पुढच्या खोलीतला पलंग आत नेला, कपाट सरकवलं, मधोमध तीन टेबलं, कोपऱ्यात शेगडी. हुबेहूब टेकडीवरचं घर! मुकादम कितीतरी दिवसांनी खळखळून हसली आणि पेन उघडून बसलीसुद्धा.

दुपारची झोप काढून भाऊजी बाहेर आले आणि दारातच थबकले. पलंग नाही, कपाट जागेवर नाही. त्यांना ओळखीची उरलेली ती एक खोली, तीही आम्ही शहाण्यांनी घालवली होती. ते मुकादमसमोरच्या खुर्चीवर अंग चोरून बसले.

"बाई, तुम्ही लिहिताय म्हणून विचारतो. माझ्या बायकोला दोन ओळी लिहाल?"

मी पलंग परत आणायला उठले. मुकादमने हातानेच थांबवलं.

"सांगा ना," ती म्हणाली.

"लिहा, मी कुणाच्या तरी घरी आहे. माणसं चांगली आहेत, पण मला इथे करमत नाही. ये आणि मला घरी ने."

तिने शब्दन् शब्द लिहून घेतला. गणिताची बाई तोंडावर हात धरून आत पळाली. काय अवदसा आठवली आणि त्या पलंगाला हात लावला, असं मला झालं.

"तिला कधी कळेल?" भाऊजींनी विचारलं.

"कळलं," मुकादम म्हणाली.

"मग मी दाराशी बसतो. तिला हे घर सापडायचं नाही."

खुर्ची ओढत नेऊन ते उघड्या दारात रस्त्याकडे तोंड करून बसले. गार वारा आत येत होता. मुकादम शाल घेऊन गेली आणि त्यांच्या खांद्यांवर घालू लागली. त्यांनी हळूच तिचा हात बाजूला केला.

"राहू द्या, बाई. आता ती येईलच. ती घालेल."