तिच्या जागी कोण

माझी बदली जूनमध्ये झाली आणि मी पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तिथेच होते.

खोडाळ्याहून आत, मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. बदली नाशिकजवळ मिळाली होती. पण माझ्या जागी दुसरी बाई हजर झाल्याशिवाय मला सोडायचं नाही, असंही वरून आलं होतं. एकीची नेमणूक झाली. ती मोखाड्यापर्यंत आली, स्टँडवर आमच्या गावाची चौकशी केली आणि आलेल्याच गाडीने परत गेली. दुसरीने आजारपणाची रजा टाकली. मग काही दिवस कुणाचंच नाव ऐकू येईना.

अधीक्षिकेला आवार सोडता येत नाही. माझी खोली मुलींच्या हॉलला लागूनच होती, मधे एक खिडकी. कुणी खोकलं तरी कळायचं, आणि मी कूस बदलली तरी त्यांना कळायचं. माझा मुलगा चार वर्षांचा, नाशिकला सासूबाईंजवळ. रविवारी स्वयंपाकाच्या मावशींना मुलींकडे बघायला सांगून मी जीपने खोडाळ्याला जायचे आणि एसटीडीवरून घरी फोन करायचे. हे विचारायचे, "आली का कोणी?" मी नाही म्हणायचे. मग ते मुलाला फोनवर बोलवायचे, आणि तो बहुतेक वेळा यायचाच नाही.

त्याच जूनमध्ये खेळाच्या सरांचीही बदली झाली. पुरुषांच्या जागेला माणूस पटकन मिळाला, पण नव्या सरांना फक्त कबड्डी येत होती. मुलींचा फुटबॉलचा संघ जुन्या सरांनी हौसेने उभा केला होता, आणि स्पर्धेसाठी नाव आधीच गेलं होतं. हेडसर माझ्याकडे आले.

"बाई, मुली तुमच्याच ताब्यात असतात. संध्याकाळी तासभर उभ्या राहा त्यांच्याजवळ."

"सर, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मी खो-खो खेळलेय."

"पळणं कळतं ना? बस झालं."

पहिले काही दिवस मी नुसती बघत राहिले. आमचं मैदान उतरतं होतं. खालच्या अंगाला बांध आणि बांधाखाली खाचरं. चेंडू तिकडे गेला की एक मुलगी चिखलात उतरायची आणि बाकीच्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पुढे पळायला सगळ्या तयार असत. डोंगरावरच्या पाड्यांतून आलेल्या मुली त्या, दम लागणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पण मागे थांबायला कुणी राजी नसायची. मागे थांबायचं याला त्या राखणीला बसणं म्हणत, जसं पाखरं हाकायला नागलीच्या शेतात बसतात तसं. आदल्या वर्षी संघ हरला तो मागच्या बाजूनेच, हे हेडसरांनी मला सांगितलं. मागे खेळणाऱ्या चौघींपैकी एक त्याआधीच दहावी होऊन गेली होती, एकीचं लग्न ठरलं, एक होळीला घरी गेली ती परत आलीच नाही. उरलेली एकटी काय करणार?

मी सराव घ्यायला लागले त्या वर्षी मागे एक भक्कम मुलगी होती. दहावीतली. शाळेत नाव उशिरा घातल्यामुळे अठराच्या आसपासची. उंच नव्हती, पण समोरून चार जणी अंगावर आल्या तरी जागची हलायची नाही. कुठली मुलगी चेंडू कुठे मारणार हे तिला आधीच दिसायचं. ती ओरडून बाकीच्या तिघींना हलवायची, आणि त्या हलायच्या. तिला मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं गं? ती म्हणाली, "बाई, चेंडूकडं नाय बघत मी. तिच्या कमरेकडं बघते."

ती वर्षअखेरीला जाणार हे उघड होतं. म्हणून मी ठरवलं की मागच्या प्रत्येकीच्या जोडीला खालच्या वर्गातली एक मुलगी द्यायची. सरावाला दोघी बरोबर उभ्या राहतील, मोठी सांगेल, धाकटी शिकेल. एक गेली तरी जागा रिकामी राहणार नाही. बाकी तिघींचं जमून आलं. दहावीतलीच्या जोडीला मी आठवीतली एक मुलगी दिली. ती अंगाने किडकिडीत होती, बोलायची कमी, पण नजर न हलवता बघत राहायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परत आल्या. दहावीतलीबरोबर तिचे वडील आले होते. हॉलमधली तिची पेटी त्यांनी उचलली ती खाली ठेवलीच नाही. हातातच धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, हिला न्यायला लागतंय."

दरवर्षी दिवाळीनंतर ते सगळं घर घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात. ते आणि त्यांची बायको विटा पाडत. थोरली मुलगी भाकरी करायची आणि धाकट्या दोघांना सांभाळायची. त्या दोघांतलं एक अजून अंगावर पीत होतं. थोरलीचं लग्न वैशाखात झालं होतं.

"तिच्या जागी कोण?" ते म्हणाले. "पोरांना भट्टीवर तशी सोडून चालत नाय. मागल्या साली दुसऱ्या एकाचं पोर भाजलं."

मी त्यांना बसायला सांगितलं. परीक्षेचं बोलले. दहावी झाली तर नर्सिंगला जाता येईल, असंही म्हणाले. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि पेटीवरचा हात काढत नव्हते. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

शेवटी मी म्हणाले, "दादा, महिन्याभराने जव्हारला सामने आहेत. सगळा संघ हिच्यावर उभा आहे. हिच्या जागी उभी राहील अशी दुसरी कोणी नाही. तेवढे सामने होऊ द्या."

हे मात्र त्यांना पटलं. जागेवर माणूस नसला की काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "सामने होवस्तवर ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "तवर हिची आई कसं तरी भागवेल. मी जव्हारलाच येतो न्यायला." आणि त्यांनी पेटी खाली ठेवली.

मला वाटलं होतं, महिन्याभरात काही तरी निघेल. हेडसर बोलतील, मुलीची कुणी मावशी-आत्या भट्टीवर जायला तयार होईल. हेडसर म्हणाले, "पालक आहेत ते. आपण किती दिवस धरून ठेवणार?" नात्यातली एकही बाई मोकळी नव्हती. सगळ्यांचीच कुठे ना कुठे भट्टी होती, नाहीतर रेती उपसणं होतं.

मग सरावात मला एक गोष्ट दिसायला लागली. बाकीच्या जोड्यांत धाकट्या मुली रोज सुधारत होत्या. आठवीतली मात्र होती तिथेच. दहावीतली तिला चेंडू आणायला पाठवायची. उभं करायची ते मैदानाच्या कडेला, जिथे खेळ जातच नसे. एकदा आठवीतलीने बरोबर जागी जाऊन पाय घातला, तर हिने तिला बाजूला सारलं.

रविवारी नळावर ती कपडे धूत होती. बाकीच्या मुली जेवायला गेल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"त्या पोरीला कुठं उभं राहायचं ते सांगतेस का तू?"

"सांगते ना बाई."

"मग ती रोज चुकीच्या जागी कशी?"

तिने कपडा दगडावर दोनदा आपटला. पिळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती तयार झाली तं बाबाला तुम्ही काय सांगाल?"

तिने सगळं नीट ऐकलं होतं तर. भिंतीला टेकून उभी होती तेव्हा तिने माझ्या बोलण्यातला एकच आधार उचलला होता आणि तो घट्ट धरून ठेवला होता. संघाची बाई म्हणून मी तिला रागवायला हवं होतं. पण माझ्या जागी कुणी येत नाही म्हणून मी तिथे अडकले होते, आणि तिच्या जागी कुणी येऊ नये म्हणून ही धडपडत होती. आम्ही दोघी त्या एकाच नळाशी उभ्या होतो.

"सामन्यात तुला लागलं तर?" मी विचारलं. "मग सगळ्याच हरतील."

"नाय लागणार," ती म्हणाली.

मी तो विषय परत काढला नाही. आठवीतलीला मी स्वतः शिकवायला घेतलं असतं, पण मला शिकवण्यासारखं येत काय होतं? जे काही येत होतं ते या दहावीतलीकडे बघूनच आलेलं.

डिसेंबरात आम्ही जव्हारला गेलो. एका शाळेच्या दोन वर्गांत उतरलो होतो. सकाळी धुकं इतकं की समोरचा गोल दिसत नव्हता, त्यामुळे सामने उशिरा सुरू झाले. पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. दुसरा उपान्त्य. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि समोरच्या मुली चिडून सारख्या आमच्या अंगावर येत होत्या. उत्तरार्धात त्यांची एक धिप्पाड मुलगी आणि आमची दहावीतली एकदमच चेंडूवर गेल्या. दोघी पडल्या. समोरची उठली. आमची उठली नाही.

तिचा घोटा माझ्या डोळ्यांसमोर सुजायला लागला. दोघींनी तिला धरून बाहेर आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. पंच माझ्याकडे बघत होते. मी आठवीतलीला आत पाठवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हाच मला तिचे वडील दिसले. दोरीच्या पलीकडे, खांद्यावर टॉवेल घेऊन उभे होते. कधी आले कोण जाणे.

आठवीतली धावत गेली आणि जिथे उभं राहायला हवं तिथे उभी राहिली. कुणी न सांगता. समोरची धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन आली, तर ही मागे सरकत राहिली, सरकत राहिली, तिच्या कमरेकडे बघत, आणि नेमक्या वेळी पाय घालून चेंडू बाहेर काढला. महिनाभर कडेला उभी राहून तिने सगळं पाहून ठेवलं होतं.

माझ्या शेजारी दहावीतली दोन्ही हातांनी घोटा धरून बसली होती. तिने एकदा मागे वळून वडिलांकडे पाहिलं. मग परत मैदानाकडे. तेवढ्यात डाव्या बाजूने समोरच्या संघातली एक मुलगी मोकळी सुटली आणि ते आठवीतलीला दिसलं नाही.

"डावीकडं!" दहावीतली ओरडली. "डावीकडं जा गं! तिला आत नको येऊ देऊ!"

आठवीतली वळली आणि पोचली. त्यानंतर ही थांबलीच नाही. घोट्याचं विसरून, गुडघ्यांवर उभी राहून ती शिट्टी होईपर्यंत सांगत राहिली, पुढे ये, थांब, आता काढ. महिनाभर जे पोटात ठेवलं होतं ते सगळं तिने त्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेर टाकलं. सामना आम्ही जिंकलो. मुली आठवीतलीला उचलून घेऊन आल्या आणि ती हिच्याजवळ येऊन बसली. हिने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, प्रेमाने.

वडील दोरीखालून वाकून आत आले. आधी मुलीचा घोटा दाबून पाहिला. मग मला म्हणाले, "चांगली खेळली ती बारकी. झाली की बाई तयार."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्या मुलीने काम नीट सोपवलं, याचं समाधान होतं त्यात. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काही तरी सांगेन असं तिला वाटत असावं.

"परीक्षा तेवढी देऊ द्या तिला," मी एवढंच म्हणू शकले.

"परीक्षेला आणतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना बघायला ते थांबले. आम्ही एका गोलने हरलो. संध्याकाळी त्यांनी मुलीला पाठुंगळी घेतलं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं. पेटी मी आदल्या दिवशीच शाळेतून मागवून घेतली होती. तिचे पाय जीपच्या मागच्या फळीवरून लोंबत होते, एका पायाला माझी ओढणी बांधलेली. ती रडली नाही. मी मुलींना घेऊन आमच्या गाडीत बसले, आणि गाडी मोखाड्याच्या बाजूला वळली तेव्हा मला पहिल्यांदा त्या रस्त्याची भीती वाटली, आपल्या जागी कधीच कुणी येणार नाही अशी.

मार्चमध्ये वडिलांनी शब्द पाळला. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला आणून सोडलं. ती काळवंडली होती, आणि केसांच्या मुळांत लाल धूळ बसली होती. ती न चुकता सगळे पेपर लिहून गेली. जाताना मला म्हणाली, "भट्टीवर वाचायला बसले की बारका पुस्तक ओढतो." गणित आणि इंग्रजीत ती राहिली. ऑक्टोबरला परत बसावं म्हणून मी पाड्यावर निरोप पाठवला. निरोप पोचला, एवढंच कळलं.

जुलैत नवा सराव सुरू झाला. आठवीतली आता नववीत गेली होती आणि मागे मधोमध तीच उभी राहत होती. मी तिला म्हणाले, "तुझ्या जोडीला सातवीतली एक निवड. तुझं बघून शिकेल."

ती बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली.

"बाई, आत्ताच कशाला?" ती म्हणाली.

"तुझा पाय मुरगळला तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वळली, मैदानाच्या खालच्या बाजूला गेली, आणि बांधावर बसलेल्या मुलींपैकी एकीला हाक मारली.