तंबूतल्या अंघोळीचं विसण

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ज्वारीत दोन रात्री झोपायचं होतं. एवढीच इच्छा. आष्टीपासून थोडं आत आमचं कोरडवाहू रान आहे, आणि ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला तिथंच मुक्काम करायचा, हा त्यांचा जन्माचा रिवाज. पण आता त्यांचे दोन्ही हात कापतात. ते भावाकडे राहतात, मी बीडला. मी त्यांना घेऊन जाते म्हटल्यावर भावानं एकच प्रश्न विचारला, "तिथं अंघोळीचं काय करणार?"

प्रश्न साधा नव्हता. अण्णा अंघोळ केल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत, आणि साखरेच्या आजाराची गोळी घासाशिवाय घ्यायची नाही. गार पाणी त्यांना सोसत नाही, लगेच छाती भरते. तांब्या हातात दिला तर पाणी डोक्यावर कमी आणि भिंतीवर जास्त. घरी नळाखाली स्टूल ठेवलंय. ते बसतात, नळ आपलं काम करतो. पण लेकीच्या हातची अंघोळ? "तेवढं मातर न्हाई," असं त्यांनी एकदा दवाखान्यात नर्ससमोर मला सुनावलं होतं. भाऊ म्हणाला, "एक दिवस जरी अंघोळ चुकली, तर तडक घरी घेऊन ये." मी हो म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. यंत्रांवर माझा विश्वास आहे, माणसांपेक्षा थोडा जास्तच. तंबूसोबत मी मोबाइलवरून कॅम्पिंगचा शॉवर मागवला. घडी होणारी रबरी बादली, तिच्या तळाशीच बसवलेला चिमुकला पंप, चार्जिंगची बॅटरी, नळी, वर टांगायची झारी, आणि आडोशाला माणसाहून जरा उंच असा कापडी खोका, वरून उघडा. अण्णांनी आत स्टूलवर बसायचं, मी बाहेरच्या बादलीवरचं बटण दाबायचं, कुणी आत यायला नको. भावाच्या अंगणात करून पाहिलं तेव्हा धो धो पाणी आलं. गार पाण्यावर पाहिलं होतं, हेही सांगायला हवं.

पहिली रात्र सुखात गेली. सकाळी मात्र वारा सुटला. मी तीन दगडांवर भगुलं ठेवलं, खाली तुराट्या घातल्या, पाणी चांगलं कढत केलं. गावातून आणलेल्या कॅनमध्ये गार पाणी होतं. घरची बादली मी घेतलीच नव्हती. शॉवरची होती की! सोबतच्या कागदावर चित्र काढून बजावलं होतं, आधी गार पाणी, मग गरम, नाहीतर पंप बिघडेल. मी कागदाबरहुकूम बादलीत गार पाणी घेतलं आणि त्यावर भगुल्यातलं गरम ओतायला लागले.

मागं अण्णा पंचा गुंडाळून उभे होते.

"गार पान्यावर गरम?" ते म्हणाले. "कावून गं माय? मी जित्ता हाय की अजून."

माझा हात तिथंच थांबला. आमच्याकडं जित्या माणसाच्या अंघोळीला गरम पाण्यात गार घालतात. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. उलटं, गारावर गरम, फक्त मेलेल्या माणसाला न्हाऊ घालताना करतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आई गेली तेव्हा बायकांनी आधी गार पाण्याची बादली ठेवली आणि गरम पाण्याचं भांडं माझ्याच हातात दिलं. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. एक कागद वाचायच्या नादात मी ते सगळं विसरले, याची लाज अजून जात नाही.

"अण्णा, पंपासाठी करावं लागतं. पाणी शेवटी तेच होतं की," मी म्हणाले, वर्गात म्हणते तसंच.

"तुजं शास्तर तुज्यापाशी. मी न्हाई करीत."

ते बांधावर जाऊन बसले. उन्हं वर आली, गोळीची वेळ टळत चालली. समोर भाकरी होती, तिच्याकडे ते बघतही नव्हते. मी केलेलं सगळं पाणी ओतून दिलं, पुन्हा जाळ घातला आणि या खेपेला त्यांना दिसेल असं आधी गरम घेतलं, मग वरून विसण. ते उठले आणि आत स्टूलवर जाऊन बसले. पंप सुरू झाला. आतून "हां, हां" असा समाधानाचा आवाज आला. भावाला फोन करून सांगावं, असं मला तेव्हाच वाटलं.

तेवढ्यात पंप घरघरला, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडला. कागद खरा होता.

"माय, पानी गेलं गं. डोळ्यात साबन गेलाय."

मी बटण दाबलं, बॅटरी काढून घातली, नळी हलवली, रागानं बादलीला लाथही मारली. मग तांब्या हातात घेऊन कापडाबाहेर नुसती उभी राहिले. आत जायची सोय नाही, बाहेर थांबवत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांचे दात वाजलेले मला ऐकू येत होते आणि माझ्यानं काहीही होत नव्हतं.

"वरून वत," शेवटी तेच म्हणाले. "आत बगू नगंस."

मी एका दगडावर चढले, तोंड फिरवलं आणि खोक्यावरून तांब्या उपडा केला. एव्हाना बादलीतलं पाणी वाऱ्यानं गार झालं होतं. ते ओरडले. कॅन रिकामा होता. बादलीत तळाशी ते गार पाणी, चुलीवर भगुल्यात थोडं कढत. मी उतरले, भगुलं उचललं आणि बादलीत उपडं केलं. गारावर गरम. बादलीतलं पाणी भगुल्यात ओतता आलं असतं, एवढंच करायचं होतं, हे मला मागाहून सुचलं.

पाण्याचा आवाज आत गेला असावा. "आदी गरमच व्हतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा," मी म्हणाले.

"मंग वत."

मी ओतलं. सहा तांबे, एकेक करून, तोंड फिरवून.

ते कपडे घालून बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर तरतरी होती. भाकरी खाल्ली, गोळी घेतली. भावाला मी कळवलं, अंघोळ झाली, आजही राहतोय. हातात गोफण पेलत नव्हती, तरी ती खांद्यावर टाकून ते बांधाच्या कडेनं, मेरेनं निघाले, तोंडानंच पाखरं हाकलत. जाता जाता थांबले.

"लई दिसांनी न्हाल्यावानी वाटलं," ते म्हणाले. "तुज्या आईवानी इसन घातलंस बग."

मी बादली पुसत होते. पुसतच राहिले. खरं सांगायला तोंड उघडलं असतं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सुख माझ्या हातानं पुसलं गेलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

अण्णा आहेत. मी अजूनही मुलांना शिकवते की गरम गारात घाला नाहीतर गार गरमात, शेवटी पाणी सारखंच होतं. खरंच आहे ते. पण भावाचा फोन अवेळी वाजला की उचलायच्या आधी मला ती रबरी बादली दिसते, आणि माझं सगळं शास्त्र पातळ होतं.

परवा त्यांचा स्वतःचाच फोन आला. यंदाही हुरड्याला जायचंय म्हणाले. "त्यो तुजा शावर नगं आनू," ते म्हणाले. "घरची बादली घिऊ. इसन तूच घाल, अन् पानी बी तूच वत. तुज्यावर भरवसा हाय."

मी हो म्हणाले.