नासपतीची शेवटची ट्रायल

टेलरमास्तरांनी चाळीस वर्षं दोन नियम पाळले. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवायचं, कारण गिऱ्हाईक जाड होतंच. आणि कपडा देताना एकही धागा लोंबता दिसता कामा नये.

दुकान मुलीच्या हाती सोपवून त्यांनी घरामागे चार फळझाडं लावली. रोपवाटिकेत लोक भरदार रोपं उचलत होते; मास्तरांनी बुंध्यांना टेप लावून किडकिडीत निवडली. "वाढत्या अंगाची आहेत," म्हणाले, आणि दोन झाडांत एवढी जागा सोडली की शेजारी हसले.

छाटणीआधी ते फांदीवर खडूने खूण करत, मागे सरून डोळे बारीक करत. "आरसा दाखवा की त्याला!" बायको खिडकीतून म्हणायची. कापलेल्या काटक्यांची मोळी ते त्याच झाडाखाली ठेवत. उरलेलं कापड गिऱ्हाईकाचंच असतं.

अंजीर, डाळिंब, लिंबू फळले. नासपतीने आठ वर्षांत एक फळ दिलं नाही. बायकोने दोरी आणली. "अजून दोन वर्षं. मग हे तोडून मी इथे कपडे वाळत घालणार."

घाबरून मास्तरांनी रोपवाटिकेवाल्याला बोलावलं. त्याने फांद्या पाहिल्या, मग मोळी.

"हे आखूड, गाठाळ फुटवे का कापले?"

"लोंबते धागे आहेत ते. फिनिशिंग केलं."

"मास्तर, नासपती यांच्यावरच धरते. दर वर्षी तुम्ही फळंच कापताय! दोन वर्षं हात लावू नका."

मास्तरांनी कात्री बायकोकडे कपाटात ठेवायला दिली. तरी सकाळी चहाचा कप घेऊन झाडाकडे बघताना त्यांची बोटं आपोआप उघडमीट करत. त्यात झाड मागच्या रस्त्यावरून दिसायचं. शेवटी त्यांनी बुंध्याला पाटी बांधली: 'काम अपुरं आहे. माल दिलेला नाही.'

दुसऱ्या वर्षी फळं लागली, ती इतकी की एक फांदी वाकून कुंपणाला टेकली. बायकोने तीच दोरी आणून दिली. मास्तरांनी फांदी वरच्या फांदीला बांधली.

"फास सैल राहिलाय, अहो."

"दोन बोटं जागा ठेवलीय. जाड होणार ती."

"आणि पाटी?"

मास्तरांनी झाडावरून एकदा नजर फिरवली. सगळीकडे धागेच धागे.

"राहू दे," ते म्हणाले. "हे फिनिशिंग कुठल्या दुकानाचं, असं कोणी विचारलं तर?"