रंभाबाईचा सिनेमा

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावातली निम्मी पोरं रंभाबाईच्या हातावर जन्मली, मीही त्यातलाच. पूर्वी ती नाळ बांबूच्या कामटीनं कापायची. पण सत्तावन्न साली दवाखान्यात सुईणीचं शिक्षण घेऊन आली आणि बाई बदललीच. कात्री उकळल्याशिवाय बाळंतिणीला हात लावत नसे. कुणी घाई केलीच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात सिनेमा काढणारे सरकारी लोक आले. खेड्यातल्या आरोग्याचं काम दाखवायचं होतं म्हणे. त्यांनी रंभाबाईची उकळती कात्री यंत्रात टिपली. मग साहेब म्हणाले, "पूर्वी कसं करत होतात, तेही दाखवा."

दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. तिनं परसातला बांबू तोडला, कामटी तासली आणि चिंध्यांच्या बाहुलीची नाळ कापून दाखवली. वर हौसेनं विचारलं, "अजून एकडाव करू का?"

दिवाळीनंतर तो सिनेमा घेऊन गाडी आली. रंभाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं बसली. शेजारी कमळा, नववा महिना लागलेली. तिचं दुसरं बाळंतपणही रंभाबाईच करणार होती.

पडद्यावर रंभाबाई दिसताच गावानं टाळ्या पिटल्या. तिच्या हातात कामटी होती. भोंगा बोलला, "अशा अडाणी सुईणींमुळे आजही कित्येक बालकं धनुर्वातानं दगावतात."

टाळ्या थांबल्या. पुढं कुणी अनोळखी नर्स कात्री उकळताना दिसली. रंभाबाईची कात्री कुठंच नव्हती. माझी तर मती गुंग झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती पण सगळ्या गावादेखत!

रंभाबाई ताडकन उठली. "हे जुनं होय! त्याईनंच मले कराले लावलं!"

"बाई, खाली बसा," गाडीवाला ओरडला, "पडद्यावर सावली पडून राह्यली."

ती बसली. कमळाकडं वळून म्हणाली, "तू तं पाह्यलं नं वं? तुह्या पोराच्या वक्ती कात्री उकळल्याबिगर हात लावला का म्या?"

"नाई लावला, मावशी."

"मंग सांग नं सगळ्याईले!"

कमळा हळूच म्हणाली, "पण आता मले भेव वाटते." आणि पोटावर पदर ओढून ती पलीकडं बसलेल्या सासूकडं सरकली.