एकशे पाचला पंखा लागतो

मला स्वस्थ बसता येत नाही. माझ्या दवाखान्यात पेशंटच्या दातातलं सिमेंट घट्ट व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यातही मी खोलीत दोन फेऱ्या मारते. अशा बाईनं पन्नाशीला दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घ्यावी, तीही जुनी, तीही सोलापुरात, यावर घरादाराची भरपूर करमणूक झाली. धाकटा भाऊ म्हणाला, आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवरून ही उचलून ठेवायला चार माणसं सोबत घेऊन फिर.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, काहीच म्हणाले नाहीत. तेहतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस दारात नवी गाडी येऊनही खुर्चीतून उठत नाही, याचा अर्थ मला कळत होता. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी त्यांची छोटी पांढरी गाडी कलिंगडाच्या उभ्या गाड्यावर घातली होती. कुणाला लागलं नाही, पण त्यांना तो गाडा दिसलाच नव्हता. मी त्यांना सांगितलं, गाडी गॅरेजला आहे, एक पार्ट यायचाय. आणि आठवड्यात ती विकून टाकली. दोन महिने ते रोज पार्टचं विचारत राहिले. मग विचारायचे थांबले, आणि माझ्याशी बोलायचेही. जेवलात का, जेवलो. एवढंच काय ते आमचं बोलणं.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ते आपणहून ‘चल, बगू तुजी गाडी’ म्हणाले तेव्हा मी दोन पेशंट पुढं ढकलले. चारचा एक तेवढा राहिला. सीट जमिनीलगत, त्यामुळे त्यांना बसवताना माझीच कंबर धरली. घमेल्यात बसवलंस की मला, असं पुटपुटले. पण हैदराबाद रोडला लागल्यावर डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले, आणि बोरामणीला वळसा घालेपर्यंत गिअर कधी बदलायचा होता हे दोनदा सांगितलं. मी इतकी खूश होते की दोन्ही वेळा चूक कबूल केली.

परत येताना मार्केट यार्डापाशी अडकलो. कांद्याचे दिवस. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळे यार्डाच्या तोंडाशी चिकटलेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घड्याळ बघितलं, आरसा बघितला, मग समोरच्या पडद्यावरचा इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा आकडा बघितला. रस्त्यावर पळताना तो ब्याण्णव होता. आता अठ्ठ्याण्णव. मग शंभर.

या आकड्याचं सगळं शास्त्र मला पाठ होतं. पुण्याच्या ज्या गृहस्थाकडून गाडी घेतली त्यांनी बजावून सांगितलं होतं, ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की ही शंभरच्या वर जाणारच. एकशे पाचला मोठा पंखा लागतो, आकडा सत्त्याण्णवपर्यंत उतरतो, पुन्हा चढतो. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यात कूलंट असतं, ते शंभरला उकळत नाही. एकशे पंधराच्या पुढं गेली तरच बाजूला घ्या. तरीही शंभर दिसलं की माझा पाय आपोआप हलायला लागतो.

‘काटा कुटं हाय?’ अण्णांनी विचारलं. त्यांना तो पडदा दिसत नव्हता.

एकशे एक, मी सांगितलं. ते ताठ झाले. पाणी उकळलं म्हणाले. एसी बंद कर, काचा खाली घे, हीटर फुल्ल लाव, इंजिनची गरमी आत ओढून घे. घाटात इंजिन तापलं की केबिनमधलं इंजिनचं झाकण उघडून ते साठ माणसांची एसटी अशीच वर काढायचे.

पंख्याचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी या माणसानं मला हुकूम सोडला होता, आणि मला तो इतका गोड वाटला की मी हीटर लावला.

बाहेर छत्तीस अंश, आत भट्टी. हीटरची झळ थेट त्यांच्या गुडघ्यांवर येत होती. शेजारच्या ट्रकचा क्लीनर खाली वाकून आम्हाला बघत होता. एकशे दोन. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला. वय अठ्ठ्याहत्तर. माझा हात हीटरच्या बटणाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. एकशे तीन. पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी ढकलली. चारचा पेशंट फोन करत होता. एकशे चार. हे आपण काय करतोय, असं मी स्वतःलाच विचारत होते आणि तरी गप्प होते.

एकशे पाचला पंखा घोंगावत सुरू झाला. एकशे तीन, शंभर, अठ्ठ्याण्णव. अण्णा मान कलती करून ऐकत होते.

‘आपोआप लागला,’ ते म्हणाले. ‘तुला ठाव हुतं?’

नाही म्हणणं जिभेवर होतं. पण मी हो म्हणाले. त्यांनी कितीला लागतो विचारलं, ते मी सांगितलं, आणि हीटर बंद केला. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. मला वाटलं, झालं, आता हे कायमचे गप्प.

‘माजी गाडी इकलीस ते मला तवाच कळलं,’ ते म्हणाले. ‘घेणाऱ्यानं घरी फोन केला हुता. जॅक कुटं ठेवलाय म्हनून.’

मग पार्टचं रोज का विचारत होता, मी विचारलं.

‘तू सांगशील म्हनून.’

दोन महिने. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन, आला का गं पार्ट. आणि मी रोज, सोमवारी येईल, गुरुवारी येईल, मुंबईहून निघालाय. आणि ते हं म्हणून चहा प्यायचे. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पुढं रस्ता थोडा मोकळा झाला होता, पण मला गिअर टाकता येईना.

‘अण्णा, तुमाला आता दिसत न्हाय,’ मी म्हणाले. ‘म्हनून इकली.’

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘न्हाय दिसत.’